हिरव्या पट्ट्यासाठी हरकत कशी नोंदवायची

आमच्या जिन्याच्या भिंतीवर ऑइल पेंटच्या दोन आडव्या रेघा आहेत. खालची २०१९ च्या महापुराच्या पाण्याची, वरची २०२१ च्या. खालची फरशीपासून तीन फूट चार इंचांवर, वरची तिच्याहून जवळजवळ वीतभर उंच. कोल्हापुरात रमणमळ्याकडून कसबा बावड्याकडे जाताना आत एक कॉलनी लागते, तिथं आमचं घर. १९९४ ला बांधलं तेव्हा तिन्ही बाजूंना ऊस होता. गवंडी म्हणाला होता, "बाई, जोतं आणि दोन फूट उचला, हितं नदी येती." आम्ही उचललं नाही, पैसे पुरत नव्हते. म्हणजे ज्या हिरव्या पट्ट्यासाठी मी आज भांडते, त्याचाच एक तुकडा माझ्या घराखाली आहे. हे आधीच सांगते, कारण सुनावणीला उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही स्वतः कुठं राहता?"

हायस्कूलमध्ये ३१ वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या आणि ओळखीतल्या लोकांना हरकती लिहून द्यायला लागले. लोकांची मतं पक्की असतात. नदीच्या काठावर इमारती झाल्या, मळे संपले, आणि तरीही पोराला गावात टू बीएचके परवडत नाही. ही तिन्ही खरी आहेत. पण ती कट्ट्यावर बोलली जातात आणि महापूर ओसरला की त्याच्याबरोबरच ओसरतात. कुठं घरं, कुठं शेती, कुठं बाग हे ठरवणारा विकास आराखडा (कायद्यात त्यालाच विकास योजना म्हणतात) करणाऱ्यांपुढं कायद्यानं पोचतं ते मुदतीत, लेखी आणि जागेच्या नंबरासह दिलेलं मत. आणि ते टिकतं कधी, तर त्यात "इथं घरं नकोत" याच्या जोडीला "मग तिथं करा" हेही लिहिलेलं असेल तेव्हा. माझा सगळा अनुभव या दोन वाक्यांत आला. बाकी ते करायचं कसं, एवढंच.

हिरवं दिसतं ते सगळं एकच नसतं

नकाशा उघडला की लोक हिरव्या रंगावर बोट ठेवतात आणि म्हणतात, हा ग्रीन झोन. थांबा. त्या हिरव्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि चारींसाठी लिहायचं वेगळं असतं.

एक, शेती विभाग. जमीन खासगी मालकाचीच, फक्त वापर शेतीपुरता ठेवलेला. इथंही बांधकामाला सरसकट बंदी नसते. फार्म हाऊस, मंगल कार्यालय, पेट्रोल पंप अशा गोष्टी नियमांत बसवून होतात. त्यामुळे "ग्रीन झोन आहे, तिथं काही होणार नाही" असं धरून निवांत बसू नका.

दोन, आरक्षण. उद्यान, क्रीडांगण, भाजी मंडई. इथं जमीन घेऊन सार्वजनिक सोय करायची असं नियोजन प्राधिकरणानं ठरवलेलं असतं. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाच्या हालचाली झाल्या नाहीत की आरक्षण उठतं. कित्येक बागा अशाच, कुणी विरोधात न बोलताही, गेल्या आहेत. तुमच्या भागात उद्यानाचं आरक्षण असेल तर त्याची दहा वर्षं कधी पुरी होतात ते आजच कॅलेंडरवर लिहा.

तीन, लेआउटमधली, म्हणजे प्लॉट पाडलेल्या जमिनीतली खुली जागा. एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठा लेआउट मंजूर होताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती तिथल्या प्लॉटधारकांची असते. तिथं शेड, मंदिर किंवा कुणाची तरी गाडी लावायची पत्र्याची खोली दिसली, तर विकास आराखड्याची वाट बघायचं कारण नाही. मंजूर लेआउटची प्रत काढा आणि तक्रार करा.

चार, पूररेषा. हा विभाग नाही, विभागांच्या वर टाकलेली रेघ आहे. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर निळ्या रेषेनं दाखवतात, १०० वर्षांतून एकदा येऊ शकणारा लाल रेषेनं. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंत नवीन बांधकामाला मनाई. बाग, मैदान, स्मशानभूमी, वाहनतळ असल्या गोष्टी चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवं. ही तरतूद राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहे. २०२० च्या डिसेंबरात ती लागू झाली.

आमच्याकडं घोळ होतो तो या शेवटच्या अटीनं. जोतं उंच करायचं म्हणजे भराव. एक एकर जागेवर दोन मीटर भराव टाकला तर सुमारे ८,१०० घनमीटर माती लागते, ब्रासमध्ये साधारण २,८५०. पुराच्या वेळी तिथं थांबलं असतं ते ८१ लाख लिटर पाणी आता दुसरीकडं जाणार. एका एकरानं पंचगंगेला काही कळत नाही, हे मी भूगोलाची शिक्षिका म्हणून प्रामाणिकपणे सांगते. पण नाल्याच्या तोंडाशी दहा जणांनी तसं केलं, की फुगवट्याचं पाणी मागच्या जुन्या, खाली राहिलेल्या घरांत शिरतं. जयंती नाल्यातून शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि व्हीनस कॉर्नरला पाणी कसं येतं, हे ज्यांनी बघितलंय त्यांना ते वेगळं समजावायला नको. तिथं नदी समोरून येत नाही, नाल्यातून मागच्या दारानं येते. म्हणून हरकतीत नुसतं "पूररेषेत बांधकाम" लिहू नका. "भरावामुळे नाल्याचा फुगवटा" असं लिहा आणि नाल्याचं नाव घाला.

पुरावा घरातच असतो

कागदांपासून सुरुवात करू. पहिला कागद जागेचा नंबर. आपल्याकडं रि.स. नंबर म्हणतात, खेड्यात गट नंबर, जुन्या गावठाणात सिटी सर्व्हे नंबर. डिजिटल सहीचा सात-बारा १५ रुपयांत निघतो. नंबर नसलेली हरकत म्हणजे पत्त्याशिवायचं पाकीट. "रमणमळ्याजवळची जागा" असं लिहिलं तर नकाशावर ती कुठं शोधायची?

दुसरा, त्या नंबराचा झोन दाखला, म्हणजे जागा कुठल्या विभागात येते ते सांगणारा कागद, आणि भाग नकाशा. शहरात महापालिकेच्या नगररचना विभागाकडं, आसपासच्या गावांत त्यांच्यासाठी केलेल्या प्राधिकरणाकडं किंवा नगररचना कार्यालयाकडं. तिसरा, पूररेषेचा नकाशा. तो पाटबंधारे खात्याचा असतो. तोंडी मागून मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस, प्रतीला पानामागं २ रुपये. इथं एक हिशोब चुकवू नका. आराखड्यावर हरकतीची मुदतही ३० दिवसांचीच असते. आराखडा प्रसिद्ध झाल्यावर माहिती मागवली तर ती मुदत संपल्यावर हातात पडेल. माहितीचा अर्ज आधीच, शांततेच्या दिवसांत करून ठेवा.

या कागदांपेक्षाही जोरदार पुरावा मात्र तुमच्या भिंतीवर असतो. पुराची खूण टेपनं मोजा, टेप खुणेला लावलेला असतानाच फोटो काढा, फोटोत घराचा नंबर किंवा ओळखीची खूण येऊ द्या. एवढ्यावर थांबू नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पावसाळ्यात रोज जाहीर होते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका हे तर इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी चढत असताना वहीत लिहीत जा: बंधाऱ्यावर अमुक फूट तेव्हा पाणी आपल्याकडं कुठं. माझ्या वहीत आहे, ५० फुटांना कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या जोत्याला, ५२ फुटांना आमच्या उंबऱ्याला. २०१९ ला पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली आणि २०२१ ला ५६ च्या पुढं. ही वही मी एका सुनावणीत टेबलावर ठेवली, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यानं पहिल्यांदा खुर्ची पुढं ओढली. सरकारी आकडा आणि माझा उंबरा एकाच ओळीत होता.

वही नसेल तर आता मागं जाऊन करा. मोबाईलमधल्या पुराच्या फोटोंना तारीख-वेळ असते, त्या दिवसाची बंधाऱ्याची पातळी जुन्या वर्तमानपत्रांत सापडते. वाचनालयात जाऊन दोन तास बसलं की होतं. आमच्या कॉलनीतल्या कॉलेजच्या दोन पोरींनी हे काम केलं, आणि माझ्यापेक्षा नीट केलं.

जुनी माणसं जिवंत असतील तर त्यांनाही विचारा: इथं ओढा कुठून जायचा, विहीर कुठं होती. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ तळं होतं, कपिलतीर्थ मंडई म्हणजे तळं होतं, शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वर तळं होतं. पाण्याच्या जागा बुजवून वापरायची सवय या गावाला जुनी आहे. पण ते सगळं गावाच्या पोटातलं झालं. आता उरलाय तो नदीकाठचा पट्टा, आणि त्याच्या पलीकडं नदीच आहे.

हरकत लिहायच्या आधी मळेवाल्याशी बोला

ही पायरी मी स्वतः पहिल्या वेळी गाळली होती, त्याचं अजून वाईट वाटतं.

आमच्या मागं आप्पांचा ३२ गुंठ्यांचा मळा आहे. ऊस, बांधाला चार नारळ, थोडी मेथी-कोथिंबीर. एका जागेचा विभाग बदलायच्या प्रस्तावाविरुद्ध आम्ही सह्या गोळा करत होतो. मी सरळ आप्पांच्या दारात गेले आणि कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं घर झालं. आता आमच्या रानाला हिरवा रंग पायजे व्हय तुम्हास्नी? पलीकडच्याच्या गुंठ्याला लाखाचा भाव, आणि माझ्या गुंठ्यात ऊस. नातीचं शिक्षण कशावर करू?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. वहिनींनी चहा आणला, तो पिऊन मी परत आले. रात्रभर तेच डोक्यात. आप्पा चुकीचं काहीच बोलले नव्हते. ज्याच्या जमिनीवर पुराचं पाणी थांबावं असं सगळ्या गावाला वाटतं, त्याला गाव त्याबद्दल काय देतं? आरक्षणाखालच्या जमिनीला निदान मोबदला किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, असतो. नुसत्या शेती विभागातल्या जमिनीला काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी परत गेले, या वेळी कोरा कागद घेऊन. आप्पांनी सांगितलं ते सूचना म्हणून लिहिलं: पुराच्या पाण्यासाठी ज्या जमिनी मोकळ्या ठेवायच्या, त्यांच्या मालकांना टीडीआरसारखा मोबदला द्यावा, नदीकाठची वहिवाटीची पाणंद पक्की करून माल बाहेर काढायची सोय करावी, शेतीपंपाचं पुरात बुडालेलं साहित्य बदलून द्यायची तरतूद असावी. मोबदल्याची मागणी हा आजच्या कायद्यातला हक्क नाही, ती सूचना आहे, हे मी आप्पांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "लिवा तरी. आजवर कुणी इचारलंच न्हाई." आणि खाली सही केली. ती सही माझ्यासारख्या वीस कॉलनीवाल्यांच्या सह्यांपेक्षा वजनदार ठरते, कारण तिच्यामागं जमीन आहे.

म्हणून सांगते, तुमच्या हरकतीत शेतकऱ्याचा विचार नसेल तर सुनावणीत तो तुमच्या विरोधात उभा राहील, आणि तसं उभं राहणं त्याचा हक्क आहे.

घरं कुठं, ते लिहा

कोल्हापूरला घरं लागणार आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारी माणसं कुठंतरी राहणारच. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं. वकील, कर्मचारी, पक्षकार, सगळ्यांची त्यात भर पडली. महापालिका झाली १९७२ मध्ये, आणि हद्द अजून ६६.८२ चौरस किलोमीटरच. शहराला हद्दवाढ हवी, गावांना नको. मधला मार्ग म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांचं प्राधिकरण झालं. या ओढाताणीत मोकळं काय उरतं, तर नदीकडचं. तिथं जमीन सपाट, माती काळी, पाणी जवळ आणि शहर हाकेच्या अंतरावर. बिल्डरला ती का आवडते हे उघड आहे.

मी माझ्या हरकतीत पर्याय म्हणून दक्षिण आणि आग्नेयेचा माळ लिहिते. पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर, उजळाईवाडीकडची मुरमाड जमीन. पूर तिथं पोचत नाही. पण तिथं राहणाऱ्यांना पाण्यासाठी, गटारीसाठी, बससाठी किती हाल काढावे लागतात हे मला माहीत आहे, म्हणून नुसती गावांची नावं लिहून मोकळी होत नाही. "या भागात निवास विभाग वाढवताना पाणी योजना आणि मलनिस्सारण आराखड्यातच दाखवावं" हे वाक्य सोबत जोडते. कळंबा तलावाकडं येणारे ओढे मोकळे ठेवावेत हेही. नदीकाठ वाचवायचा म्हणून तलावाचं पाणलोट घालवलं, तर आपण काय मिळवलं?

गावात राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत अकृषिक वापराला सवलतीची तरतूद आहे. वाढत्या कुटुंबाचं घर तिथं बसत असेल तर लांबच्या मळ्यात गुंठेवारीचा तुकडा घेऊ नका. गुंठेवारीचा प्लॉट स्वस्त पडतो तो रस्ता, गटार आणि पूररेषा या तिन्हींकडं कुणी बघितलेलं नसतं म्हणून. घेण्याआधी झोन दाखला मागा. देणारा टाळाटाळ करतोय म्हणजे तुम्हाला उत्तर मिळालं.

कागद असा लिहा

दोन पानांच्या वर जाऊ नका. भाषण नको, पर्यावरणावरचा निबंध नको. माझा साचा असा:

विषय: महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ अन्वये प्रारूप विकास योजनेवर हरकत व सूचना.

जागा: मौजे, रि.स. नंबर, प्रारूप नकाशाचा भाग क्रमांक.

सध्या काय आहे: ऊसशेती, उत्तरेला ओढा, महापुरात पाण्याखाली. (इथं तारीख, बंधाऱ्याची पातळी आणि जागेवरची पाण्याची उंची.)

प्रस्तावित काय आहे: शेती विभागातून रहिवास विभागात.

हरकत: जागा पूररेषेने बाधित असून भरावामुळे ओढ्याचा फुगवटा लगतच्या इतक्या घरांत शिरेल.

मागणी: रि.स. नंबर अमुक शेती विभागातच ठेवावा. ओढ्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा नकाशात हरित पट्टा म्हणून दाखवावा.

पर्यायी सूचना: रहिवासासाठी अमुक क्षेत्र, पाणी व मलनिस्सारणासह. बाधित शेतकऱ्यांस मोबदला.

सुनावणी: मला प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.

सोबत: सात-बारा, झोन दाखला, फोटो, वहीची प्रत.

"मागणी" हा शब्द ठळक लिहा. हरकतींचा गठ्ठा वाचणारा माणूस आधी तेवढंच शोधतो. एका कागदावर एकच जागा. तीन जागांबद्दल म्हणणं असेल तर तीन कागद. शंभर जणांनी एकाच झेरॉक्सवर सह्या केल्या तर ती एका दमात एकच हरकत म्हणून निकालात निघू शकते. त्यापेक्षा वीस जणांनी आपापल्या घराच्या पाण्याच्या उंचीसह वीस कागद द्यावेत. ग्रामसभेचा ठराव जरूर करा, पण ठराव केला म्हणून स्वतःची हरकत टाळू नका.

मुदत तीस दिवसांची, आणि ती राजपत्रात सूचना आल्याच्या तारखेपासून मोजतात. तुमच्या कानावर बातमी आली त्या दिवसापासून नाही. आमच्यात ठरलेलं आहे: पंधराव्या दिवसापर्यंत सगळे कागद तयार, विसाव्या दिवशी जमा. शेवटच्या दोन दिवसांत खिडकीवर रांग असते, झेरॉक्सवाल्याकडची शाई संपते आणि कुणाचा तरी सात-बारा घरीच राहतो.

पोहोच

हा शब्द मला महागात पडलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी हरकतीचा कागद दिला. खिडकीवरचा माणूस सभ्य होता. "ठेवा मॅडम, नोंद करतो," म्हणाला. मी ठेवला आणि के.एम.टी.च्या बसनं घरी आले. दोन महिन्यांनी सुनावणीच्या यादीत माझं नाव नव्हतं. विचारायला गेले तर कागद सापडेना. माझ्याकडं दुसरी प्रत होती, पण तिच्यावर शिक्का नव्हता. शिक्का नसलेली प्रत म्हणजे मी कागद दिलाच नाही. त्या दिवशी बाहेरच्या पायरीवर मी बराच वेळ बसून होते. एकतीस वर्षं मुलांना "वही तपासून सही घ्या" सांगणारी मी, स्वतः सही न घेता आले होते.

तेव्हापासून दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. चारांपैकी एक जरी राहिलं तरी खिडकी सोडत नाही. वाटल्यास तीच हरकत स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह, वेगळी पाठवते. ईमेलचा पत्ता जाहिरातीत दिला असेल तर तिकडंही. शिक्क्याच्या प्रतीचा फोटो त्याच दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर. एकाचा कागद हरवला तर दहा जणांकडं त्याचा पुरावा असतो.

सुनावणी

हरकतींची सुनावणी नियोजन समिती घेते. कायद्यात तिची रचना ठरलेली आहे: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार. तुमच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतील असं समजा. पहिलं वाक्य रि.स. नंबर आणि मागणी. दुसरं वाक्य पाण्याची उंची. फोटो हातात तयार. ज्यांना बोलायची भीती वाटते त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं तरी चालतं. आप्पांनी तर काहीच वाचलं नाही. त्यांनी पुरात कुजलेल्या उसाची दोन कांडी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, ह्यात घर बांधलं तर माणसं अशी हुतील." नंतर बोलायला मला फारसं काही उरलं नव्हतं.

आवाज चढवू नका. राजकीय माणसाला सोबत नेलं तर तो तुमची मिनिटं खाईल. सुनावणीची नोटीस आणि हजेरीच्या सहीचा फोटो ठेवा.

त्यानंतर खरं लक्ष

बहुतेक लोक इथं थांबतात. समितीच्या अहवालानंतर आराखड्यात बदल होतात, मग तो शासनाकडं जातो. शासनाला भरीव स्वरूपाचे बदल करायचे असतील, तर कलम ३१ खाली तेवढा भाग पुन्हा प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. ही दुसरी संधी. तुमचा पट्टा पहिल्या फेरीत वाचला असेल तरी या फेरीत पुन्हा नंबर तपासा.

आणि मंजुरीनंतर सुरू होतं कलम ३७. एखाद्या जागेचा विभाग किंवा आरक्षण बदलायचं असेल तर फेरबदलाची सूचना निघते, हरकतीला एक महिना. प्रादेशिक योजनेतल्या गावांसाठी असाच बदल कलम २० खाली होतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या आणि नावबदलाच्या जाहिरातींमधे, बारीक टायपात चार ओळी: "रि.स. नंबर अमुक, क्षेत्र अमुक हेक्टर, शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट." मोठा आराखडा आला की मोर्चे निघतात, पण हिरवा पट्टा खरा कमी होतो तो या चार ओळींनी, एकेका गटानं. आमच्याकडं सात घरांनी वार वाटून घेतले आहेत. माझा गुरुवार. ज्याचा वार, त्यानं दोन स्थानिक पेपरांच्या जाहीर सूचना वाचायच्या, आपल्या भागाचा नंबर दिसला तर कात्रण तारखेसह ग्रुपवर टाकायचं. दहा मिनिटांचं काम आहे. गेल्या पावसाळ्याआधी असं एक कात्रण रविवारवाल्या घरानं पकडलं, मुदतीचे अकरा दिवस उरले होते, आणि आठ हरकती वेळेत गेल्या. निर्णय यायचा आहे.

तुम्ही आज काय करू शकता? टेप घ्या, भिंतीवरची खूण मोजा, फोटो काढा, बंधाऱ्याची त्या दिवसाची पातळी शेजारी लिहून ठेवा. आणि दिवाळीला घराला रंग द्यायचा असेल तर रंगाऱ्याला आधी सांगा, जिन्यातली ती रेघ सोडून द्यायची.